घसारा माणसांचाही होतो

मार्चअखेरीस ताळेबंद तयार होताना दुकानातील वजनकाट्यापासून मालवाहू टेम्पोपर्यंत प्रत्येक वस्तूचा घसारा काढला जातो. जी वस्तू रोज वापरली जाते ती झिजते, आणि त्या झिजेची तरतूद वेळीच केली नाही तर ती ऐन हंगामात दगा देते, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच व्यापाऱ्याच्या घरात दिव्यांग किंवा दीर्घ आजाराचे मूल असेल, तर त्याला वर्षानुवर्षे उचलणाऱ्या, भरवणाऱ्या, रात्री-अपरात्री उठून औषध देणाऱ्या आई-वडिलांच्या झिजेची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. मुलाच्या औषधांचा, थेरपीचा, प्रवासाचा खर्च लिहिला जातो. आईची झोप आणि वडिलांचे मन खर्ची पडते, ते लिहिले जात नाही.

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा. नगरच्या कापड बाजार आणि आडते बाजारापासून पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कोपरगाव, श्रीरामपूरच्या पेठांपर्यंत आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. अशा मुलाचे एकही घर नाही असा संघ क्वचितच असेल. त्या घराविषयी सर्वांना ठाऊक असते आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही. बोललेच, तर ‘त्या माउलीची कमाल आहे’ एवढेच बोलतात. कौतुक खरे असते. पण कौतुकाने रात्रीची झोप भरून निघत नाही.

थकवा आणि त्यापलीकडचे काही

दिवसभर काम केल्यावर येणारा थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. झोप, सण, माहेरपण, तीर्थयात्रा, कशानेच न उतरणारा थकवा वेगळा. त्याला इंग्रजीतून आलेला ‘बर्नआउट’ हा शब्द आता रूढ झाला आहे. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली तो विनामूल्य दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांच्या संदर्भात मांडला. तळमळीने काम करणारी माणसेच आतून रिती होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, परंतु ती केवळ नोकरी-व्यवसायातील ताणापुरती मर्यादित ठेवली. घरातल्या, पगार नसलेल्या आणि सुटी नसलेल्या कामाला त्या व्याख्येत जागा मिळाली नाही.

ही उणीव बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठाच्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या दोन संशोधिकांनी भरून काढली. पालकांच्या बर्नआउटची त्यांनी चार लक्षणे सांगितली. पहिले, पालकपणाच्या नुसत्या विचारानेही गळून जावे असा टोकाचा थकवा. दुसरे, मुलापासून मनाने दूर जाणे. आंघोळ, जेवण, औषध सर्व होते, पण यंत्रासारखे. तिसरे, मुलाच्या सहवासातील आनंद आटणे. चौथे, ‘पूर्वी मी अशी नव्हते, असा नव्हतो’ ही सतत बोचणारी जाणीव. या चौथ्या लक्षणातून अपराधीपणा जन्माला येतो, तो लपवण्यासाठी माणूस आणखी राबतो आणि आणखी थकतो.

अशा पालकांच्या केसांतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, या संशोधकांनी मोजले. ते इतर पालकांच्या सुमारे दुप्पट आढळले. पालकांना काही आठवडे गटात एकत्र बसवून मदत केल्यावर ते प्रमाण उतरले. म्हणजे हा प्रकार मनाचा कमकुवतपणा नव्हे. शरीरात मोजता येते अशी ती झीज आहे, आणि योग्य मदतीने ती थांबवताही येते. हे संशोधन सर्वसाधारण पालकांवरचे आहे. ज्यांचे मूल कायमचे परावलंबी आहे, त्यांच्या ओझ्याचा अंदाज त्यावरून करता येईल.

चोवीस तासांचा हिशेब

हे ओझे नेमके किती, हे आकड्यांत मांडले तरच कळते.

सेरेब्रल पाल्सी असलेले दहा वर्षांचे मूल घ्या. त्याला सरळ बसवून, लहान घास देत, ठसका लागणार नाही याची काळजी घेत भरवायला पाऊण तास लागला, तर तीन वेळच्या जेवणाचेच सव्वादोन तास झाले. अंघोळ, शौच, कपडे बदलणे यांचे दोन तास. फिजिओथेरपीचे व्यायाम एक तास. रात्री कूस बदलून देण्यासाठी दोन-तीनदा उठणे. मूल दर वर्षी वजनाने वाढते आणि त्याला उचलणारी आई दर वर्षी वयाने वाढते. चौथ्या वर्षी जे सहज जमत होते ते चौदाव्या वर्षी पाठीचे दुखणे होऊन बसते.

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. सरासरी तीन आठवडे धरले, तर वर्षाला सुमारे सतरा वेळा. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत हे सुमारे तीनशे दिवस झाले. प्रत्येक वेळी प्रवास, रक्ताची जुळवाजुळव, मुलाच्या हातातील सुई आणि आईचा उपाशी दिवस. शिवाय शरीरात साठणारे लोह काढून टाकण्याचे औषध रोजचेच.

टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे दुखणे बाहेरून दिसतही नाही. मूल शाळेत जाते, खेळते. मात्र त्याला दिवसातून अनेकदा इन्सुलिन टोचावे लागते, बोटातून रक्त काढून साखर तपासावी लागते, प्रत्येक घासाचा अंदाज बांधावा लागतो. पहाटे साखर एकदम उतरली तर त्याच क्षणी साखर किंवा ग्लुकोज द्यावे लागते. चौविहार पाळणाऱ्या घरात आजीच्या मनाला ते खटकते, आणि मुलाची काळजी व आजीची नाराजी हे दोन्ही ताण एकाच सुनेच्या वाट्याला येतात. येथे औषधाइतकाच तो साखरेचा चमचाही जीव वाचवणारा आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना डॉक्टरांनीच समोर बसवून सांगितलेले बरे.

स्वमग्न मुलाच्या आईला शारीरिक कष्ट कदाचित कमी असतील, पण तिला डोळ्यांत तेल घालून जागे राहावे लागते. दार उघडे राहिले तर मूल रस्त्यावर जाईल, समारंभात बँड वाजला तर ते कानावर हात ठेवून किंचाळेल, आणि पाहणारे ‘लाडावून ठेवला आहे’ म्हणतील. म्हणून ती समारंभच टाळू लागते. दोन-तीन वर्षांत आमंत्रणेही थांबतात.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना अंतराची भर पडते. तज्ज्ञांसाठी नगर गाठायचे, नगरला भागले नाही तर सुमारे १२० किलोमीटरवरचे पुणे. आठवड्यातून दोनदा थेरपी सांगितली, तर घराचे सगळे वेळापत्रक त्या दोन दिवसांभोवती फिरू लागते.

भरल्या घरातील एकटेपणा

रोस्काम आणि मिकोलायचाक यांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह ४२ देशांतील १७ हजारांहून अधिक पालकांचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आपापले पाहावे अशी वृत्ती ज्या देशांत अधिक, तेथे पालकांचे बर्नआउट अधिक, असा त्याचा ठळक निष्कर्ष होता. हे वाचून एकत्र कुटुंबाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाला दिलासा वाटेल. तो थोडा तपासून पाहिला पाहिजे.

घरात बारा माणसे असणे आणि बारा माणसांनी काम वाटून घेणे यांत अंतर आहे. बहुतेक घरांत अशा मुलाचे सर्व काही आईच करते, कारण ‘त्याला तिच्याशिवाय चालत नाही’. हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, पण त्यातून इतर सर्वांची सुटका होते. मुलाला इतरांच्या हाताची सवय कधी लावलीच गेली नाही, म्हणून त्याला आईशिवाय चालत नाही. जाऊबाई स्वयंपाकाचा भार उचलतात आणि ते मोठेच साहाय्य असते. तरीही मुलाला तासभर सांभाळण्याचे धाडस त्या करत नाहीत. सासूबाईंची इच्छा असते, पण गुडघे साथ देत नाहीत. घर भरलेले असते आणि आई एकटी असते.

वडिलांची झीज वेगळ्या वाटेने होते. दुकानाला रजा नसते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका शासकीय महाविद्यालयातील प्राध्यापिकेच्या प्रकरणात दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारता येणार नाही, अशी भूमिका घेतली. नोकरदारांसाठी ही मोठी गोष्ट झाली. गल्ल्यावर बसणाऱ्याला रजा कोण देणार? लग्नसराईच्या हंगामात मुलाला ताप आला तर वडील दुकान उघडतातच, आणि लक्ष घरी लागलेले असते. समाजाने पुरुषाला रडण्याची सोय ठेवलेली नाही. त्यामुळे त्यांची दमणूक चिडचिडीतून, अबोल्यातून, कधी दुकानात अधिकाधिक वेळ काढण्यातून बाहेर पडते. घरी आई समजते की यांना काही वाटतच नाही. दोघेही दमलेली असतात आणि दोघांनाही दुसऱ्याची दमणूक दिसत नाही.

तिसरा असतो तो त्या मुलाचा भाऊ किंवा बहीण. हे भावंड वयाच्या आधी शहाणे होते. त्याने हट्ट करायचा नसतो, आजारी पडायचे नसते, परीक्षेत कमी गुण आणायचे नसतात. ‘मोठेपणी तुलाच याला सांभाळायचे आहे’ हे वाक्य त्याच्या कानावर आठव्या-दहाव्या वर्षीच पडते. बालपणातच एवढी मोठी थकबाकी त्याच्या नावावर टाकू नये.

कर्माचा दाखला आणि लग्नाची चिंता

आपल्या समाजात या पालकांना आणखी एक घाव सोसावा लागतो. भेटायला आलेले हितचिंतक सहज म्हणून जातात, ‘पूर्वजन्मीचे काही असेल.’ सांत्वनाच्या हेतूने उच्चारलेले हे वाक्य आईच्या मनात वर्षानुवर्षे सलत राहते. कर्मसिद्धांत हा प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या आचरणाकडे पाहण्यासाठी आहे; शेजारच्या घरातील मुलाचा निवाडा करण्यासाठी नाही. त्याच शास्त्राने आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याला स्थान दिले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ज्यांची सेवा करावी अशा दहांची गणना आहे, आणि त्यांत ‘ग्लान’ म्हणजे आजारी हाही आहे. ती गणना मुख्यतः साधुसंघाच्या संदर्भात असली, तरी तिच्यातील दृष्टी श्रावकांनाही लागू पडते. दुखणाइताजवळ बसणे हे तप आहे, तर रात्रभर मुलाजवळ बसलेली आई तपस्विनीच आहे. तपस्विनीच्या पारण्याला सारा संघ जमतो. या आईकडे निदान तासभर तरी कोणी जावे.

दुसरी चिंता लग्नाची. धाकट्या बहिणीच्या परिचयपत्रात अडचण येईल म्हणून मुलाला पाहुण्यांसमोर आणले जात नाही, निदान कोणाला सांगितले जात नाही, कधी तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही काढले जात नाही. या लपवाछपवीला स्वतंत्र शक्ती लागते आणि ती पालकांच्या उरल्यासुरल्या शक्तीतूनच जाते. बाळंतपणात मेंदूला प्राणवायू कमी पडून झालेली सेरेब्रल पाल्सी आनुवंशिक नसते. थॅलेसेमियाचा वाहक कोण, हे एका रक्ततपासणीत कळते, आणि दोघांपैकी एक जण वाहक नसेल तर त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर होत नाही. एवढी माहिती परिचय मेळाव्याच्या व्यासपीठावरून स्पष्ट शब्दांत दिली गेली, तर कित्येक घरांतील बंद दारे उघडतील.

पालकांनीच काढलेल्या वाटा

या क्षेत्रातील बहुतेक मोठी कामे दमलेल्या पालकांनीच उभी केली आहेत. मुंबईत वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ साली घरगुती स्वरूपात शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील शाळा. मिठू अलूर यांची कन्या मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती. तिला शाळा मिळेना म्हणून १९७२ मध्ये त्यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटीची स्थापना केली. मालिनी चिब पुढे उच्चशिक्षित झाल्या आणि त्यांनी आत्मचरित्र लिहिले.

नगरच्या शेजारी नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या आपल्या मुलाच्या निमित्ताने १९७७ साली मोजक्या मुलांना घेऊन प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले आणि पुढे ती संस्था शेकडो मुलांची झाली. बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन ‘आधार’ ही प्रौढ मुलांसाठी निवासी संस्था उभारली. आपल्या पश्चात मुलांचे काय, या एकाच प्रश्नाने ते पालक जोडले गेले होते. छत्रपती संभाजीनगरमध्ये डॉ. अर्चना सारडा यांच्या ‘उडान’ संस्थेने टाइप १ मधुमेहाच्या मुलांना इन्सुलिनबरोबरच प्रशिक्षण दिले आणि त्यांच्या पालकांना एकमेकांशी जोडले.

या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. एकट्या आईचे काम अनेकांत वाटले गेले. मुलाला शाळा मिळाली, तेव्हा आईला दिवसाचे चार-पाच तास मिळाले. त्या तासांत ती झोपली, वाचू लागली, दुकानात बसू लागली, माणसांत आली. मुलाचा उपचार आणि आईची विश्रांती ही दोन कामे परस्परांना पूरक आहेत.

कायद्याने दिलेले हक्क

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता यांच्याबरोबर थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचाही समावेश आहे. काळजीवाहू व्यक्तीच्या व्याख्येत आई-वडील व कुटुंबीय यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद कलम २४ मध्ये सुचवली आहे. म्हणजे आईचे हे काम ‘काम’ आहे, एवढे कायद्याने तरी मान्य केले आहे.

पहिली पायरी प्रमाणपत्राची. स्वावलंबन या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करून, तपासणीनंतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र मिळते. ते काढण्यात कमीपणा मानून अनेक सधन कुटुंबे पुढील सर्व हक्कांना मुकतात. जुन्या करपद्धतीत प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०डीडीने अवलंबित दिव्यांगासाठी ७५ हजार रुपयांची आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास १ लाख २५ हजार रुपयांची वजावट दिली; प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ती अवलंबून ठेवलेली नाही. अज्ञान मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते, परंतु विहित दिव्यांगत्व असलेल्या मुलाचा अपवाद केलेला आहे. कुठली करपद्धती निवडावी, हे या बाबी धरून सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. या न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो आणि त्यासाठी पूर्व-वैद्यकीय तपासणीची अट नाही. पालकांना काही दिवस विश्रांती मिळावी म्हणून मुलाला तात्पुरते ठेवण्याची कल्पना ‘समर्थ’ योजनेत आहे. आजारपणात, दुसऱ्या मुलाच्या लग्नात किंवा केवळ विसाव्यासाठी मुलाला चार दिवस जाणत्या हातांत सोपवणे म्हणजे त्याला टाकणे नव्हे, ही जाणीव समाजात रुजायला हवी.

आपल्या पश्चात

या पालकांची झोप उडवणारा सर्वांत मोठा प्रश्न ‘आपल्यानंतर काय’ हा असतो. त्याचे उत्तर जितके कागदावर येईल तितके मनावरचे ओझे उतरते.

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते. आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्वाचे प्रमाणपत्र घेता येते. त्या आधारे बँकेत खाते उघडता व चालवता येते. नियुक्त पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्षानंतर हिशेब सादर करावा लागतो. हिशेबाची सवय असलेल्या कुटुंबांना हे जड जाऊ नये.

मृत्युपत्र अवश्य करावे. ‘नॉमिनेशन केले आहे’ एवढ्यावर थांबू नये. नॉमिनी रकमेचा स्वीकार करतो, तेवढ्याने तो तिचा मालक होत नाही. मोठी रक्कम थेट मुलाच्या नावे ठेवण्याऐवजी खासगी विश्वस्त न्यास करून दोन पिढ्यांतील विश्वस्त नेमावेत, म्हणजे काका गेल्यानंतर चुलतभाऊ जबाबदारी पाहू शकेल. न्यासाच्या कागदाबरोबर एक साधी वहीही ठेवावी. मूल काय खाते, कशाला घाबरते, कोणत्या शब्दांनी शांत होते, कोणते औषध किती वाजता, डॉक्टर कोण, हे सर्व आईच्या डोक्यात असते आणि तेथेच राहते. ते कागदावर उतरले की घरातील दुसरे माणूस मुलाला सांभाळायला धजते.

एका सामायिकाचा वेळ

सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. ज्या आईला वर्षानुवर्षे अखंड ४८ मिनिटे मिळाली नाहीत, तिच्यासाठी संघातील भगिनींनी एवढाच वेळ द्यायचे ठरवले तर काय होईल, याचा हिशेब करून पाहावा. दहा जणींनी आठवड्यातून दोनदा ४८ मिनिटे दिली, तर ९६० मिनिटे म्हणजे सोळा तास होतात. सोळा तासांत एक आई झोपू शकते, स्थानकात जाऊन निवांत व्याख्यान ऐकू शकते, दुसऱ्या मुलाबरोबर बाजारात फिरू शकते. यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही, फलक लागत नाही.

थोडे शिक्षण मात्र लागते. भरवताना मुलाला सरळ कसे बसवावे, साखर उतरल्याची लक्षणे कोणती, फीट आली तर कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, एवढे एखाद्या दुपारी डॉक्टरांना बोलावून शिकता येते. सुरुवातीला आई घरातच असावी. मुलाला नवा हात ओळखीचा झाला की तिने बाहेर पडावे. युवकांना वेगळे काम आहे. रक्तदात्यांची यादी ठेवून थॅलेसेमियाच्या मुलासाठी आळीपाळीने रक्त देणे आणि रक्त चढवण्याच्या दिवशी वडिलांऐवजी एकाने सोबत जाणे. बाजारातील मित्रांनी महिन्यातून एक दिवस दुकान सांभाळले, तर वडिलांनाही घरी थांबता येईल.

हे या जिल्ह्याला अवघड नाही. आचार्यश्री आनंदऋषीजी महाराजांच्या नावाने जैन सोशल फेडरेशनने नगरमध्ये उभे केलेले रुग्णालय सर्व समाजांच्या रुग्णांची सेवा करते. १९८९ पासूनचे ‘स्नेहालय’, दिव्यांगांसाठी झटणारे ‘अनामप्रेम’ ही याच मातीतील कामे आहेत. जो समाज रुग्णालय उभारू शकतो, तो आठवड्याला सोळा तासही उभारू शकतो.

पालकांसाठी दोन शब्द

मदत मागणे हा मातृत्वाचा पराभव नाही. सासरच्या माणसांनी विचारले, ‘काही करू का?’ तर ‘नको, होते माझे’ असे न म्हणता नेमके काम सांगावे: ‘मंगळवारी चार ते पाच त्याच्याजवळ बसा.’ पती-पत्नींनी आठवड्यातून एकदा तरी मुलाचा विषय बाजूला ठेवून बोलावे. आईने स्वतःचे जेवण, औषधे आणि तपासण्या टाळू नयेत. दीर्घ उपवासापूर्वी आपल्या अंगावर किती काम आहे याचा विचार करावा.

कित्येक आठवडे झोप लागत नसेल, मुलाविषयी काहीच वाटेनासे झाले असेल, हात उगारला जात असेल, किंवा ‘आपण दोघांनी नसलेलेच बरे’ असा विचार मनात डोकावत असेल, तर तो दोष नसून आजाराची खूण आहे. त्याच दिवशी घरातील एका माणसाला सांगावे आणि डॉक्टरांना भेटावे. केंद्र शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतून बोलता येते.

प्रेम कमी पडल्यामुळे हे आई-वडील थकत नाहीत. अनेकांचे काम एकाच्या अंगावर राहिल्यामुळे थकतात. यंदाच्या चातुर्मासात प्रत्येक संघाने आपल्या गावातील अशा घरांची एक यादी करावी आणि यादीतील प्रत्येक घरासमोर आठवड्याचे वार व वेळ देणाऱ्यांची नावे लिहावीत. निधीच्या हिशेबाबरोबर हा तासांचा हिशेबही वार्षिक सभेत वाचला जावा.